घरात कॅथलिक, पाहुणे प्रॉटेस्टंट: संतांच्या मुद्द्यावर फेस्ताचे दिवस कसे निभवायचे

मी मूळची नगरची. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीतलं. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हापासून आम्ही तिच्यात. लग्न होऊन गोव्यातल्या बाणावलीला आले ती पक्क्या कॅथलिक घरात. मडगावच्या एका शाळेत मराठी शिकवते. माहेरची माणसं गोव्याला येतात ती एक तर मे महिन्याच्या सुट्टीत, नाही तर नाताळाच्या आधी. मे महिन्यात वाड्यावाड्यांवरच्या खुरसांपुढे, म्हणजे क्रुसांपुढे, लादाईन (मारियेची गाऊन म्हणायची प्रार्थना) चाललेली असते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे फेस्ताच्या (सणाच्या) आधीची नऊ दिवसांची प्रार्थना. म्हणजे ज्या वादांवरून सोळाव्या शतकात युरोपातलं चर्च फुटलं, त्यांतला एक, संतांचा, पाहुण्यांबरोबर आमच्या दारात उतरतो.

अशी घरं आता पुष्कळ आहेत. नगर, पुणे, मुंबईच्या प्रॉटेस्टंट मुली गोव्यात नांदताहेत. शिवाय गोव्यातल्या जुन्या कॅथलिक घरांतला एखादा भाऊ किंवा सून 'बिलिव्हर' होते, म्हणजे नव्या प्रार्थनागटात जाऊ लागते, आणि घरातल्या आल्तारापुढे (मूर्ती मांडलेल्या वेदीपुढे) गुडघे टेकणं सोडते. त्या सगळ्यांसाठी, माझ्या घरात जे उपयोगी पडलं ते लिहिते आहे.

एक आधीच सांगते. 'शेवटी सगळं एकच' म्हणून हा वाद गुंडाळू नका. असं म्हटलं की दोन्ही बाजूंना एकच ऐकू येतं: तुम्ही जन्मभर जे मानलंत त्याला काही किंमत नाही. माझी सासू, आमची मांय, लहानपणापासून सांत आंतोनीला साकडं घालत आली. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात ख्रिस्ताशिवाय कुणाचं नाव घेऊन प्रार्थना केली नाही. दोघंही मनापासून करतात. मी स्वतः आजही संतांकडे प्रार्थना करत नाही, आणि कुणी मांयला मूर्तिपूजक म्हटलं तर ऐकूनही घेत नाही. हे दोन्ही एका घरात नांदू शकतं, पण त्यासाठी तयारी पाहुणे यायच्या आधी करावी लागते.

गाठ कुठे आहे ते आधी बघा

पाहुणे बहुधा मूर्तींवरून सुरुवात करतात. खरं तर इथे तीन निराळे प्रश्न आहेत: संतांची आठवण ठेवणं, त्यांच्या मूर्तींना आणि अवशेषांना मान देणं, आणि त्यांच्याकडे प्रार्थनेची याचना करणं. तिन्ही एकदम काढले की भांडण ठरलेलं. एकेक काढा.

आठवणीवर मतभेद जवळजवळ नाहीच. १५३० च्या औग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे ल्यूथरच्या लोकांच्या मूळ दस्तऐवजात, एकविसाव्या कलमात स्पष्ट आहे की संतांची आठवण ठेवावी, त्यांचा विश्वास आणि सत्कर्मं डोळ्यांपुढे ठेवावीत. त्यांना हाक मारावी असं मात्र शास्त्र शिकवत नाही, असं तिथेच पुढे म्हटलंय. आमच्या नगरकडच्या जुन्या चर्चांच्या भिंतींवर मिशनऱ्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. नारायण वामन टिळकांची गीतं म्हणताना आमच्या आत्याचा गळा भरून येतो. हे मांयला सांगितलं तेव्हा ती चटकन म्हणाली, 'मागीर तुमचेय सांत आसात न्ही!' (मग तुमचेही संत आहेत की!) म्हणून पहिल्या दिवशी चहाला बसलात की इथूनच सुरू करा. पाहुण्यांना त्यांच्या मंडळीतल्या थोर माणसांबद्दल विचारा आणि घरच्यांना बाणावलीच्या संत जुझे व्हाजबद्दल सांगायला सांगा.

मूर्तींचा प्रश्न जरा कठीण. इथे एक गैरसमज पहिल्यांदा काढून टाका. आमच्याकडच्या बऱ्याच जणांना लहानपणी सांगितलेलं असतं की कॅथलिकांनी दुसरी आज्ञाच काढून टाकली. तसं नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातला मजकूर दोघांच्याही पवित्र शास्त्रात जसाच्या तसा आहे. मोजणी वेगळी आहे. कॅथलिक कोरीव मूर्तीचं वाक्य पहिल्या आज्ञेतच धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. ल्यूथरननीही हीच मोजणी ठेवली. अँग्लिकन आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतली चर्चं मूर्तीची आज्ञा वेगळी, दुसरी, मोजतात. दोन्ही पुस्तकं टेबलावर उघडून दाखवलीत की हा विषय पाच मिनिटांत संपतो. माझ्या काकांच्या बाबतीत तसाच संपला.

त्यापुढचा मतभेद मात्र खरा आहे. ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं ठरवलं की आराधना फक्त देवाची, प्रतिमेला द्यायचा तो मान, आणि तो मान त्या प्रतिमेत जो दाखवलाय त्याला पोचतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं हेच पुन्हा सांगितलं: मूर्तीत काही देवत्व किंवा शक्ती आहे म्हणून मान द्यायचा नाही. ज्या शेवटच्या बैठकीत हा ठराव झाला ती ३ डिसेंबर १५६३ ला सुरू झाली. झेवियर वारल्याला त्या दिवशी बरोबर ११ वर्षं होत होती. ठरावात अंधश्रद्धा आणि पैसे काढण्याचे प्रकार बंद करा, असंही बिशपांना बजावलंय. आमच्या बाजूचं म्हणणं असं की पुस्तकात हा फरक कितीही नीट मांडला, तरी गुडघे टेकणाऱ्या माणसाच्या मनात तो टिकतो याची खात्री काय? हा प्रश्न वाजवी आहे. मांयला मी तो विचारलाय, आणि तिला राग आला नाही.

खरी गाठ तिसऱ्या प्रश्नात, संतांना 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणण्यात. मांयचं उत्तर साधं आहे: 'तूं दुयेंत पडल्यार म्हज्या खातीर मागणें कर म्हण म्हाका सांगता न्ही? सांत आंतोनीकूय हांव तशेंच सांगतां.' (तू आजारी पडलीस की माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून मला सांगतेस ना? सांत आंतोनीलाही मी तसंच सांगते.) तिच्या मागे शास्त्रवचनंही आहेत. याकोबाच्या पत्रात (५:१६) नीतिमानाच्या प्रार्थनेचं सामर्थ्य सांगितलंय. प्रकटीकरणात (५:८) वडील मंडळी पवित्र जनांच्या प्रार्थना धूपाच्या सोनेरी वाट्यांतून कोकऱ्यापुढे आणतात. इब्री लोकांस पत्रात (१२:१) साक्षीदारांचा मेघ आपल्याभोवती आहे. मरणानं ही सोबत तुटत नाही, असं कॅथलिक मानतात.

माझे वडील म्हणायचे, 'बापाचं दार उघडं असताना शेजाऱ्याला हाक कशाला मारायची?' त्यांच्या हाताशी १ तीमथ्य २:५ असायचं: देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच. मृतांशी बोलू नका हा बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातला (१८:११) इशारा असायचा. पेत्रापुढे कर्नेल्य पाया पडला तेव्हा पेत्रानं त्याला उठवलं आणि 'मीही माणूसच आहे' म्हणाला, तो प्रसंगही (प्रेषितांची कृत्ये १०:२६) ते सांगायचे. जिवंत भावाला प्रार्थना करायला सांगणं वेगळं, कारण तो समोर आहे, त्याला ऐकू येतं. स्वर्गातल्या संताला एकाच वेळी हजारो हाका ऐकू येतात असं मानायचं, तर त्याला देवाचा गुण दिल्यासारखं होतं. कॅथलिक म्हणतात, ऐकण्याचं सामर्थ्य देवच देतो, आणि संतांची प्रार्थनाही ख्रिस्ताच्याच मध्यस्थीतून जाते.

हे सगळं पाठ करायचं आहे ते जिंकायला नव्हे. माझ्या घरचा नियम असा: ज्याला या विषयावर बोलायचंय त्यानं आधी समोरच्याची बाजू अशी मांडायची की समोरचा 'होय, हेच आमचं म्हणणं' म्हणेल. मग आपली. बहुतेकांचा आवाज एवढ्यानंच खाली येतो. आणि कॅथलिक बायबल घरात ठेवाच. २ मक्काबीच्या पंधराव्या अध्यायात ओनियास आणि यिर्मया हे निवर्तलेले लोक इस्राएलासाठी प्रार्थना करताना दिसतात. ते पुस्तक आमच्या बायबलात नाही, त्यामुळे 'दाखव कुठं आहे' आणि 'तुमच्यात नाहीच' यावर निष्कारण संध्याकाळ जाते.

लादाईन आणि तेर्स: कुठे म्हणायचं, कुठे थांबायचं

सगळ्यात जास्त अवघडलेपण इथे येतं, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या वाड्यावरचा खुरीस पांढरा रंगवून, झेंडूच्या माळा आणि दिव्यांची लडी लावून संध्याकाळी लादाईन होते. व्हायोलिन असतं, दोन-तीन आवाजांत गाणारे गावातलेच लोक असतात, आणि बहुतेक भाग लॅटिन. पाहुण्यांना काही कळत नाही, म्हणून त्यांना वाटतं सगळीच संतांची आळवणी चालली आहे. त्यांना आदल्या दिवशी रचना समजावून सांगा.

सुरुवात प्रभूच्या दयेच्या याचनेनं होते: किरिए एलेइसॉन. मग पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि त्रैक्य यांना एकेक हाक जाते आणि प्रत्येक हाकेला लोक म्हणतात, 'मिझेरेरे नोबिस', आमच्यावर दया कर. त्यानंतर 'सांक्ता मारिया' आलं की प्रतिसाद बदलतो: 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी प्रार्थना कर. मारियेची सगळी विशेषणं संपेपर्यंत तोच चालतो. शेवटी तीनदा 'आग्नुस देई', देवाचा कोकरा, आणि पुन्हा क्षमेची, ऐकून घेण्याची, दयेची याचना थेट ख्रिस्ताकडे. दया देवाकडे मागायची, मारियेकडे फक्त प्रार्थना मागायची, ही कॅथलिकांची सगळी भूमिका त्या दोन प्रतिसादांत आहे. ती पटो न पटो, ऐकताना कळायला हवी.

आता करायचं काय? मी 'मिझेरेरे नोबिस' मोठ्यानं म्हणते. 'ओरा प्रो नोबिस' सुरू झालं की गप्प उभी राहते. 'आग्नुस देई'ला पुन्हा सामील होते. माझ्या आईलाही हेच शिकवलं. ती सुरुवातीला संकोचली होती, पण कोकऱ्याची ओळ तिला योहानाच्या पहिल्या अध्यायातली म्हणून ओळखीची निघाली. शेजारच्या बायकांनी तिचं गप्प राहणं खुशाल चालवून घेतलं. जे पटत नाही ते तोंडानं म्हणायचं आणि मनात नाही म्हणायचं, हे मात्र करू नका. त्यात देवाचाही मान राहत नाही आणि यजमानांचाही.

तेर्साचंही, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचंही, असंच. 'आमच्या बापा' आणि त्रैक्याचं गौरवगान सगळ्यांचं आहे. 'नमान मारिये'चा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, देवदूताचा नमस्कार (१:२८) आणि अलीशिबेचे शब्द (१:४२). ते वचन म्हणून म्हणायला माझ्या वडिलांचीही ना नव्हती. दुसऱ्या अर्ध्यात विनंती येते, तिथे थांबायचं. तेर्स म्हणताना पहिला अर्धा भाग एक जण आणि दुसरा बाकीचे म्हणतात, त्यामुळे पाहुण्याला पुढाकार घ्यायला सांगू नका. तो ऐन मध्ये अडकतो.

सायबिण, म्हणजे मारियेची घरोघरी फिरणारी मूर्ती, घरी येते त्या रात्रीची तयारी वेगळी. शेजारच्या घरून मिरवत, मेणबत्त्या घेऊन, गात मूर्ती आणतात. आपल्याकडे रात्रभर राहते आणि दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी जाते. दारात ती आली की घरची माणसं मूर्तीला हात लावून तो कपाळाला किंवा ओठांना लावतात. पाहुणे त्या क्षणी दारात सापडले तर त्यांची पंचाईत होते. म्हणून त्यांना आधीच काम द्या: अंगणात खुर्च्या मांडणं, उकडलेले चणे वाट्यांत भरणं, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत आणणं. माझी मावशी दरवेळी चण्यांचं काम मागून घेते. आणि नगरची बरीच मंडळी दारूला शिवत नाहीत, तेव्हा पेल्यांचा ट्रे फिरायच्या आधी लिंबू सरबत वेगळं, डोळ्यांना दिसेल असं ठेवा.

एक शब्द मात्र त्या संध्याकाळी माझ्या घरात कुणी उच्चारायचा नाही: मूर्तिपूजा. लादाईनीला आमचे हिंदू शेजारीही येतात, खुरसाला मेणबत्ती लावतात. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला तर शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदू भाविकांची रीघ लागते. तुम्ही कॅथलिक सासूला टोमणा म्हणून जो शब्द फेकता, तो शेजारच्या काकीला तिच्या देवघरासकट लागतो. तिनं तुमच्या चर्चच्या भांडणात कुठलीच बाजू घेतलेली नाही.

जुन्या गोव्याला नेताना

शक्यतो ३ डिसेंबरला नेऊ नका. फेस्ताच्या दिवशी गर्दीत काहीच नीट बघता येत नाही. नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते, तेव्हा सकाळी लवकर जा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, हे सगळ्यांनाच लागू.

पाहुण्यांचं पहिलं बोट कुठे जाईल ते सांगते. झेवियरचे अवशेष जिथे आहेत त्या बॉम जेझू चर्चच्या मुख्य वेदीवर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाची भलीमोठी मूर्ती आहे आणि तिच्या खाली बाळ येशूची अगदी लहान. माझा भाऊ आत शिरताच म्हणाला, 'बघ, संत केवढा आणि प्रभू केवढा!' त्याला मी वर बघायला सांगितलं. इग्नेशियसची नजर वर आहे, येशूच्या नावाची अक्षरं असलेल्या सूर्यमंडलाकडे, आणि त्याच्याही वर त्रैक्य आहे. कारागिरानं संताला बघणारा दाखवलंय. पण आकाराचीही एक भाषा असते, आणि भावाला जे खटकलं ते मलाही अजून खटकतं. दोन्ही गोष्टी सांगा.

आणखी एक. चर्चमध्ये शिरताना कॅथलिक एक गुडघा टेकतात तो संतापुढे नसतो, पवित्र संस्कार ठेवलेल्या पेटीपुढे, म्हणजे त्यांच्या श्रद्धेप्रमाणे साक्षात ख्रिस्तापुढे असतो. तो वेगळा वाद आहे. तो त्या दिवशी काढू नका.

झेवियरची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. तिच्याखालचं संगमरवरी थडगं टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमोनं पाठवलं, फ्लोरेन्सच्या फॉग्गिनीनं केलेलं, आणि १६९८ मध्ये ते इथे उभं राहिलं. पेटी उंचावर आहे, एरवी हात पोचत नाही, त्यामुळे चुंबनाचा प्रश्न येत नाही. तो येतो दर १० वर्षांनी, अवशेष सी कॅथेड्रलमध्ये दर्शनाला नेतात तेव्हा. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. रांगेत उभं राहायचं तर पुढे पोचल्यावर काय करणार ते आधी ठरवा. थांबून डोकं झुकवणं आणि पुढे सरकणं सगळ्यांना चालतं. मी तिथे देवाचे आभार मानते की हा माणूस ६ मे १५४२ ला या किनाऱ्यावर उतरला आणि दहा वर्षांनी चीनच्या दारात, सांशियन बेटावर, तापानं गेला. आभार देवाचे, झेवियरबद्दल. एवढ्यात माझी श्रद्धा कुठे मोडत नाही.

'मेलेल्या माणसाचे तुकडे कशाला जपायचे' हा प्रश्न येणारच, विशेषतः त्याच्या उजव्या हाताचा पुढचा भाग १६१४ मध्ये रोमला नेला हे कळल्यावर. कॅथलिक २ राजे १३:२१ दाखवतील, अलीशाच्या हाडांना प्रेत लागलं आणि माणूस जिवंत झाला. पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर ठेवत, तेही (प्रेषितांची कृत्ये १९:१२). प्रॉटेस्टंट विचारतील की अलीशाची हाडं काढून कुणी वेदी बांधली का? मला यात सगळ्यात उपयोगी वाटतो तो बिशप पॉलिकार्प. दुसऱ्या शतकात स्मिर्नाला त्याला जाळलं तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांनी त्याच्या अस्थी मौल्यवान रत्नांपेक्षा मोलाच्या मानून गोळा केल्या, आणि त्याच वृत्तांतात लिहून ठेवलं की आराधना आम्ही ख्रिस्ताची करतो, हुतात्म्यांवर त्याचे शिष्य म्हणून प्रेम करतो. इतक्या जुन्या काळात दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी होत्या, हे आमच्या लोकांनी प्रामाणिकपणे वाचायला हवं.

बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात. आंगवण, म्हणजे नवस, फेडायला लोक ते वाहतात. पाहुण्यांना तिथे फोटो काढत हसू देऊ नका. तो मेणाचा पाय घेणाऱ्या बाईच्या घरी कुणाचा तरी पाय खरोखर दुखतोय. घरातल्या आजारपणात मांयनं आंगवण केली तर मी तिला जुन्या गोव्याला घेऊन जाते, मेणबत्ती तिला घेऊन देते आणि बाकावर बसून माझी प्रार्थना माझ्या पद्धतीनं करते.

इतिहास काढलाच तर पुरता काढा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी छळाचा विषय काढतो. अर्धवट इतिहास दोन्हीकडून येतो. झेवियरनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं होतं, हे खरं आहे. ते १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललं. संत म्हटलं म्हणजे त्याचं प्रत्येक कृत्य योग्य, असं कॅथलिक चर्चही शिकवत नाही, तेव्हा घरच्यांनी ही गोष्ट दडपू नये. हिंदू शेजाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते.

आणि पाहुण्यांनी आमच्या बाणावलीच्या जुझे व्हाजची गोष्ट ऐकावी. १६५१ मध्ये जन्मलेला हा पाद्री १६८७ मध्ये वेष पालटून जाफन्याला उतरला, कारण श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि त्या कॅल्व्हिनपंथी राज्यात कॅथलिक उपासनेला बंदी होती. मूर्ती आणि संत यांच्यावरून होणारा छळ तिथे आमच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट, बाजूनं झाला. १७११ मध्ये तो कॅन्डीत वारला. १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी त्याला कोलंबोत संत घोषित केलं. सांकवाळला त्याचं तीर्थस्थान आहे, तिथे पाहुण्यांना जरूर न्या. गर्दी कमी असते आणि बोलायला सवड मिळते. माझ्या वडिलांनी त्याची गोष्ट पुढे नगरच्या संडेस्कूलमध्ये सांगितली, एका शब्दानंही प्रार्थनेची याचना न करता. मांयला त्याचं फार अप्रूप.

घरातलाच कुणी बिलिव्हर झाला तर

पाहुणे चार दिवसांनी जातात. हे प्रकरण जन्माचं, आणि सगळ्यात जास्त घरं इथे दुखावतात. माझा चुलत दीर एका प्रार्थनागटात जाऊ लागला आणि वडिलोपार्जित आल्तार हलवतो म्हणाला. त्यावर तोडगा धर्माच्या चर्चेतून निघाला नाही. मालकीच्या प्रश्नातून निघाला.

आल्तार आजीचा. त्यावर सगळ्या भावंडांचा हक्क. एकाला पटत नाही म्हणून त्यानं तो फेकायचा नाही, आणि बाकीच्यांनी त्याला त्यापुढे गुडघे टेकायला लावायचं नाही. आल्तार ज्याला हवा त्याच्या घरी, चार नातेवाइकांसमोर, नीट कापडात गुंडाळून न्यायचा. तुटलेल्या, आशीर्वादित मूर्ती आणि जपमाळा कचऱ्यात टाकत नाहीत. कॅथलिक रीतीप्रमाणे त्या जाळतात किंवा पुरतात. पाद्रीला विचारून ते करा. नव्या श्रद्धेच्या माणसानं स्वतः हे काम हातात घेऊ नये, कितीही शुद्ध हेतू असला तरी. आमच्याकडे आल्तार धाकट्या नणंदेकडे गेला. दीर अजून फेस्ताच्या जेवणाला येतो. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येत नाही आणि कुणी बोलावत नाही.

मरणाच्या वेळी मात्र मी माझाच नियम बाजूला ठेवते. मरणासन्न माणसाजवळ कॅथलिक संतांची नावं घेऊन प्रार्थना म्हणतात. मांयनं मला सांगून ठेवलंय की त्या वेळी घरात दुसरं कुणी नसलं तर मी वाचायची. मी हो म्हटलं आहे. ती प्रार्थना तिची, आवाज माझा. ज्या प्रॉटेस्टंटाला हे जमणार नाही त्यानं आधीच तसं सांगावं आणि शेजारच्या घरातल्या एखादीचा फोन नंबर लिहून ठेवावा.

लग्न अजून व्हायचं असेल तर

मिश्र लग्नाला कॅथलिक चर्चची परवानगी लागते. मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन कॅथलिक बाजूला द्यावं लागतं. प्रॉटेस्टंट बाजूला त्याची कल्पना देतात, वचन घेत नाहीत. हे वाक्य दोघांनी मिळून पाद्रीसमोर नीट वाचा, आणि मग आपल्या पाळकसाहेबांकडे वेगळे जा. विचारायचे प्रश्न मोठाले नकोत. बाळाला संताचं नाव ठेवायचं का? रात्रीची प्रार्थना कुठल्या पद्धतीची? मुलीनं विचारलं की 'मम्मा सायबिणीला हात का लावत नाही', तर बाबा काय उत्तर देणार? आमच्या मुलीला तिचे बाबा सांगतात, 'मम्मा थेट येशूशी बोलते, आम्ही त्याच्या मायलाही सोबत घेतो.' मला ते उत्तर चालतं. तुम्हाला चालेल की नाही ते साखरपुड्याच्या आधी बोला. एकदा हॉल बुक झाला आणि पत्रिका छापल्या की दोन्हीकडचे सगळ्यालाच हो म्हणू लागतात.